घटाचं मडकं आणि छापलेली माती

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातल्या मातीच्या बाहुल्या आहेत. त्यांतल्या कित्येक केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या चिकणमातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या. पुढचा अर्धा भाग एका साच्यात दाबायचा, मागचा दुसऱ्यात, दोन्ही ओले असतानाच जोडायचे आणि सांधा बोटाने पुसून टाकायचा. डोक्यावरची भरगच्च केशरचना, कानातली जड आभूषणं, गळ्यातले सर हे सगळं साच्यातच कोरलेलं. माती फक्त त्याचा ठसा घेते. अशा बाहुल्या पैठणला आणि भोकरदनलाही सापडल्या आणि हे तंत्र रोमन जगातून आलं की इथलंच, यावर अभ्यासकांनी बरंच भांडून घेतलं आहे. तेर हे व्यापाराचं गाव होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं नगर सांगितलं आहे. तिथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई. ते तगर म्हणजे तेरणाकाठचं तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं. पुढे १९५८ मध्ये बा. ना. चापेकरांनी तिथे उत्खनन केलं. तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची जवळची बहीण १९३८ मध्ये थेट इटलीतल्या पाँपेईच्या राखेत सापडली होती. अशा गावाला साचा मानवणारच. साच्यातून एकसारखा माल निघतो, तो पुरा झालेला असतो, गाडीत घालून लांब नेता येतो आणि दोन हजार वर्षांनी काचेच्या कपाटात ठेवला तरी त्याचं काही बिघडत नाही.

त्याच गावात मातीची आणखी एक वस्तू घडत आली आहे, ती कुठल्याही कपाटात ठेवता येत नाही. कुंभाराचं न रंगवलेलं मडकं घ्यायचं, त्याभोवती शेतातली काळी माती पसरायची, मातीत धान्य पेरायचं आणि नऊ दिवस वाट पाहायची. नवरात्रातला घट. तुळजाभवानीच्या या धाराशिव जिल्ह्यात आश्विन शुद्ध प्रतिपदेला तो घरोघर बसतो आणि दसऱ्याला उठतो. संगणकाच्या आज्ञेने माती छापणारी यंत्रं, टिकाऊ तंत्रज्ञान आणि जिवंत झाडं एकत्र आणून कलावस्तू घडवण्याची जी चळवळ गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभर दिसते, तिच्याकडे मला या दोन वस्तूंच्या मधे उभं राहून पाहायचं आहे. ही चळवळ घडवलेली वस्तू आणि जिवंत झाड यांचा संयोग ही स्वतःची नवलाई म्हणून सांगते. माझं म्हणणं असं की संयोग जुना आहे. नवीन आहे ते एवढंच की साच्याच्या वंशातलं तंत्र पहिल्यांदाच मनापासून घटाच्या वाटेला लागलं आहे. आणि ते नीट जमलं की नाही हे ठरवायची कसोटी घटाने आधीच घालून दिली आहे: वस्तूला सोयीचं झाड निवडलं, की झाडाला सोयीची वस्तू घडवली?

घटाची रचना पूजेचं साहित्य म्हणून न पाहता यंत्र म्हणून पाहिली तर तिची हुशारी कळते. खाली पत्रावळ किंवा वेताची टोपली, म्हणजे जादा पाणी निथळून जायला वाट. तिच्यावर चाळलेली काळी माती, काही घरांत त्यात थोडं शेणखत. मातीत ज्वारी, गहू, हरभरा, करडई, जवस असं घरात असेल ते धान्य. मधोमध पाण्याने भरलेलं मडकं, त्याच्या तोंडाशी विड्याची पानं आणि वर नारळ. नारळाने तोंड झाकलं जातं, म्हणून पाणी वरून उडून जात नाही. ते मडक्याच्या अंगातून पाझरतं आणि भोवतीची माती ओली ठेवतं. माती कोरडी पडली की जास्त ओढते, ओली असली की कमी. पाणी किती द्यायचं हे माती आणि मडकं आपसात ठरवतात. हेच तत्त्व शेतात मटका सिंचन म्हणून वापरलं जातं आणि चीनमधल्या फान शंगचिर यांच्या इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या शेतीग्रंथात पुरलेल्या मडक्याने भाजीपाला पिकवण्याची पद्धत नोंदवलेली आहे. वर रोज एक फुलांची माळ बांधली जाते. ती माळ नऊ दिवसांचं मोजमाप ठेवते. देवघराच्या अंधारात उगवलेलं धान हिरवं होत नाही, पिवळंधमक आणि लांबसडक होतं, कारण उजेड नसला की कोंब हरितद्रव्य बनवण्याऐवजी उंची गाठायला धावतो. दसऱ्याला टोपीत किंवा फेट्यात खोवायला जो तुरा लागतो तो याच रंगाचा. रोपाचा रंग आणि उंची उजेड रोखून ठरवणं, याला आजच्या कलादालनात कुणीही रचनेचा निर्णयच म्हटलं असतं.

या सगळ्याचा भार कुंभाराच्या एका कौशल्यावर आहे आणि ते दिसत नाही. मडक्याची माती कालवताना तिच्यात घोड्याची किंवा गाढवाची लीद, राख, कधी बारीक भुसा मिसळतात. सुकताना मडकं तडकू नये हा त्याचा एक उपयोग. दुसरा उपयोग आव्यात कळतो: लिदीतले तंतू जळून जातात आणि त्यांच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. पाझर येतो तो त्या पोकळ्यांतून आणि मातीच्या स्वतःच्या अर्धवट सांधलेल्या कणांतून. आव्याची आच फार वाढली तर माती घट्ट होऊन पाझर बंद, कमी पडली तर मडकं पाण्यात विरघळतं. चाकावर फक्त गळा आणि खांदा निघतो. बूड जाड आणि उघडं राहतं, ते नंतर आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत ठोकत पातळ करून मिटवतात. ठोकताना येणारा आवाज आणि भाजल्यावर येणारा आवाज यांवरून कुंभार भिंतीची जाडी आणि पक्केपणा ओळखतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले तेरचे संत गोरोबाकाका यांच्याविषयीची जी कथा महाराष्ट्राला पाठ आहे, ती नेमकी याच हत्याराची: मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी जमलेल्या संतांची डोकी थापटण्याने तपासली आणि नामदेव कच्चे निघाले. कथा भक्तीची आहे, पण ती सांगणाऱ्यांना कुंभाराची गुणवत्ता-तपासणी ठाऊक होती आणि ऐकणाऱ्यांनाही, नाहीतर विनोद कळला नसता.

मडकं हे इथे शोभेचं भांडं नसून कामाचा भाग आहे, याचा सर्वांत चांगला पुरावा ते काढून घेतल्यावर मिळतो. अनेक घरांत आता मडक्याच्या जागी तांब्या-पितळेचा कलश असतो आणि टोपलीच्या जागी प्लास्टिकचा ट्रे. धातूतून पाणी पाझरत नाही, म्हणून माणसाने वरून शिंपडायचं. हात सैल सुटला की ट्रेमध्ये पाणी साचतं आणि धान्य उगवण्याऐवजी कुजतं. विधीचा एकही शब्द बदललेला नाही, वस्तू मात्र बदलली. आधी ती स्वतःचं पाणी स्वतः सांभाळत होती, आता तिला राखणदार लागतो. तुळशी वृंदावनाचं उदाहरण याच्या पुढचं. दगडाची, विटांची किंवा माती-शेणाची वृंदावनं गेली आणि विसाव्या शतकात रस्त्याकडेला साच्यातून ओतलेली सिमेंटची वृंदावनं विकायला आली. साचा आणि झाड यांची गाठ आपल्याकडे पडली ती तेव्हाच, छपाई-यंत्रांच्या कितीतरी आधी. गाठ पडली पण साच्याने झाडाची चौकशी केली नाही. चारी बाजूंना देव आणि स्वस्तिकं उमटली, तळाला पाणी जायला भोक मात्र कित्येकदा राहूनच गेलं.

इथे पहिला आक्षेप येईल तो असा की घट हा कुलाचार आहे, त्याला कलावस्तू म्हणणं म्हणजे आजचा चष्मा कालच्या डोळ्यांवर चढवणं. आक्षेपात तथ्य आहे. घट बसवणाऱ्या बाईला आपण कला करतो आहोत असं वाटत नाही. पण हाच निकष लावला तर लामतुरे संग्रहालयातल्या बाहुल्याही बाद होतात, कारण त्यांतल्या कितीतरी पूजेत किंवा नवसात वापरल्या गेल्या असणार. संग्रहालयाने त्यांना कलेत घेतलं ते त्या टिकल्या म्हणून. इजिप्तमध्ये नाईलचा गाळ ओसिरिस देवाच्या आकाराच्या लाकडी चौकटीत भरून त्यात धान्य पेरत आणि ते उगवलं की मृताच्या सोबत ठेवत. १९२२ मध्ये उघडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात अशी एक चौकट मिळाली. तिला आज बिनतक्रार कलेच्या इतिहासात जागा मिळते, कारण कोरड्या थडग्यात ती शाबूत राहिली. ग्रीक बायका उन्हाळ्यात फुटक्या मडक्यांत भाजीची झटपट रोपं वाढवून ती कोमेजू देत, त्यांना अडोनिसच्या बागा म्हणत. प्लेटोने त्यांचा उल्लेख न टिकणाऱ्या गोष्टीचा नमुना म्हणून केला. तुळजापुरात तर न टिकणं हा नियमच आहे: सीमोल्लंघनासाठी बुऱ्हाणनगरची पालखी आणि घोडेगावकडचा पलंग दरवर्षी नव्याने घडवून येतात. जे दरवर्षी पुन्हा करायचं आहे ते जपून ठेवण्याची गरजच कुणाला वाटत नाही. टिकाऊपणावरून कलेची हद्द आखली की झाड असलेली प्रत्येक वस्तू आपोआप हद्दीबाहेर पडते, आणि मग जिवंत झाडाची कला नवी वाटू लागते.

दुसरा आक्षेप इतिहासकाराचा आहे. आजचा घट आणि सातवाहनकालीन तेर यांना एका सुतात ओवायला पुरावा कुठे आहे? नवव्या-दहाव्या दिवशी विसर्जन होणारं धान उत्खननात मिळत नाही, आणि फुटकं मडकं मिळालं तरी ते घटाचं होतं की स्वयंपाकाचं हे खापर सांगत नाही. म्हणून अखंड परंपरेचा दावा मी करत नाही. घट दोन हजार वर्षांचा असो की पाचशे, युक्तिवादाला त्याने फरक पडत नाही. त्याला एवढंच पुरे आहे की एकाच मुलखातली माती दोन रीतींनी वापरली गेली. एका रीतीत घडवणाऱ्याचं काम संपलं की वस्तू पुरी होते. दुसऱ्या रीतीत त्याचं काम संपतं तिथे वस्तू सुरू होते. घट म्हणजे बियाण्याची उगवणचाचणी होती, असं हल्ली पुष्कळ लिहिलं जातं. ज्वारी-करडईच्या रब्बी पेरण्यांआधी घरचं बी उगवतं का ते पाहायचं, हे ऐकायला सयुक्तिक वाटतं, पण सगळी धान्यं मिसळून, दाट फेकून, अंधारात उगवलेल्या धानावरून कुठल्या बियाण्याची टक्केवारी काढणार? धान दाट आलं की साल चांगलं जाणार ही श्रद्धा खरी. तिला प्रयोगशाळेचा कोट चढवायची घाई करू नये.

आता यंत्राकडे येऊ. माती छापणारं यंत्र करतं काय, तर नळीतून मातीची वळी काढून ती थरावर थर रचतं. हाताने वळ्या रचून भांडी करण्याची पद्धत चाकाहूनही जुनी आहे. म्हणजे सर्वांत नवं यंत्र कुंभारकामाच्या सर्वांत जुन्या हालचालींपैकी एकीकडे परत गेलं. फरक हा की चाक गोलच आकार देतं आणि साचा एकच आकार देतो, तर यंत्राला प्रत्येक थर वेगळा असला तरी चालतो. त्यामुळे भिंत कुठे जाड, कुठे जाळीदार, कुठे पाणी धरणारी, हे आकारातूनच ठरवता येतं. कुंभाराने जे लिदीने साधलं ते इथे भूमितीने साधायचं. रोनाल्ड राएल आणि व्हर्जिनिया सान फ्रातेल्लो यांनी २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला एक छोटी खोली उभारली. तिच्या एका दर्शनी भिंतीवर सिमेंट, लाकडाचा भुसा आणि द्राक्षांची सालं यांच्या मिश्रणातून छापलेल्या षटकोनी फरशा असून त्यांच्या खोबणींत झाडं लावलेली आहेत. झाडं कुठली, तर जाड पानांची, आठवडेच्या आठवडे पाण्यावाचून तग धरणारी. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी बी मिसळलेली मातीच छापली आणि तिच्या घुमटाकार भिंतीवर हिरवळ उगवली. पण नळीतून दाबून निघालेली माती पाणी लवकर गमावते, म्हणून त्यांनाही खडकाळ कोरड्या जागी जगणारी वनस्पती घ्यावी लागली. दोन्ही प्रयोग कौतुकाचे आहेत आणि दोन्ही कसोटीच्या चुकीच्या बाजूला पडतात: आधी वस्तू ठरली आणि मग तिच्या अटी निमूट सोसणारं झाड शोधलं गेलं. घटात ज्वारीला काय हवं ते आधी, मडक्याचा आकार त्यानंतर. मला घटाच्या जवळचं वाटतं ते लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या बायो-आयडी प्रयोगशाळेचं २०१९ मधलं काम. शनील मलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पानांच्या शिरांसारख्या पन्हळी असलेली मातीची फरशी केली, पन्हळींत शेवाळ धरून ठेवणारा लगदा भरला आणि रंगाऱ्यांच्या कारखान्यांतलं दूषित पाणी त्यावरून सोडायचं ठरवलं. भारतातल्या कारागिरांसाठी म्हणून योजलेली ही फरशी यंत्राने न छापता साच्यात हाताने दाबून करायची आहे. शेवाळाचं काम संपलं की ते काढून नवं भरायचं, फरशी तीच. संगणकावर आखलेला आकार, तेरच्या बाहुलीसारखा साचा आणि मुदत ठरलेला जीव, तिन्ही एका जागी, आणि पन्हळीची खोली शेवाळाच्या गरजेने ठरलेली.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. माती म्हटली की पर्यावरणस्नेही, परंपरा म्हटली की टिकाऊ, असं समीकरण हल्ली फार स्वस्तात मांडलं जातं. आवा पेटतो तो गोवऱ्या, पाचट आणि लाकडावर. धूर गावभर होतो, आणि मडकं नऊ दिवसांसाठीच हवं असेल तर तो हिशेब मांडावाच लागेल. माती आणि दगडाच्या स्थानिक बांधकामाचं काय होऊ शकतं ते या जिल्ह्याच्या उमरगा-लोहारा भागाने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात पाहिलं. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं माळवदाचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. तेव्हा पारंपरिक म्हणून चांगलं हा माझा मुद्दाच नाही. मुद्दा मुदतीचा आहे. घटाचं मडकं पुढे घरात पाण्याला किंवा धान्याला वापरता येतं, फुटलं तर मातीत जातं; माती शेतात, धान पाण्यात किंवा डोक्यावर. मार्गशीर्ष अमावास्येला, येळवशीला, धाराशिव-लातूरच्या शेतांत कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात, तिच्यात चुना-कावेने रंगवलेले पाच पांडवांचे दगड मांडतात, मातीच्या भांड्यात आंबील ठेवतात. उभ्या रब्बी पिकाच्या मधोमध बांधलेली ती खोली सणानंतर जनावरांच्या गव्हाणीत जाते. दोन्ही ठिकाणी वस्तूच्या प्रत्येक भागाचा पुढचा मुक्काम ती बांधण्याआधी ठरलेला असतो. छापलेल्या फरशीच्या खोबणीतलं झाड मेलं की त्या फरशीचं काय करायचं, हा प्रश्न ओकलंडच्या भिंतीला विचारता येतो. घटाला तो विचारायची वेळच येत नाही.

यावर कुणी म्हणेल की यंत्र शिकेल, वेळ द्या. शिकेलही, आणि त्याला शिकवण्याची सोय आपल्यापासून लांब नाही. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये उघडली ती तिथे, मुंबई-बंगळूरला सोडून, एका कोरडवाहू गावात. संगणकाने कापणारी आणि छापणारी यंत्रं मराठी खेड्यात येऊन दोन दशकांहून जास्त काळ लोटला आहे. ही यंत्रं आणि घट यांच्यात एक साम्य आहे, ज्याच्याकडे कलावंतांचं लक्ष कमी जातं. बाहुली जतन झाली ती वस्तू म्हणून. घट जतन झाला तो कृती म्हणून: कुठली माती, किती धान्य, कुठल्या दिवशी, किती दिवस. वस्तू दरवर्षी संपली आणि कृती राहिली. संगणकातली फाईलही अशीच कृती असते. तिच्यातून निघालेलं भांडं फुटलं तरी ती फुटत नाही. फाईलमध्ये आज जे भरलं जातं ते मात्र बहुतेक आकाराचं असतं: भिंतीची जाडी, वळीची रुंदी, थरांची संख्या. तेरच्या कुंभाराच्या मडक्याची तशी फाईल कुणी उद्या केली, तर तिच्यात आकाराच्या आधी लिदीचं प्रमाण, आव्याची आच, भोवतीच्या काळ्या मातीची ओढ आणि मडकं कितव्या दिवशी रिकामं करायचं हेही लिहावं लागेल, नाहीतर यंत्रातून हुबेहूब मडकं निघेल आणि त्याच्या भोवतीची ज्वारी चौथ्या दिवशी सुकेल.